तिसऱ्यांदा विचारा

७ ऑक्टोबर, मंगळवार

कौन्सिलची सभा. पहिला विषय — पायवाटेवरचा बर्फ काढणाऱ्या ट्रॅक्टरचं बारसं! शाळेतल्या पोरांनी पोतंभर चिठ्ठ्या पाठवल्यात. लॅवॉन स्कार चष्मा लावून एकेक नाव वाचत होती आणि बाकीचे कौन्सिलर पाळण्याभोवती जमल्यासारखे माना डोलवत होते. जुना ट्रॅक्टर फेब्रुवारीतच मेला आणि नवा घ्यायला पैसे नाहीत, हे सार्वजनिक कामं बघणाऱ्या डेनी पेल्टोने हळूच सुचवून पाहिलं. "हो का? बरं, पुढचं नाव," लॅवॉन म्हणाली. मूल नाही, पाळणा नाही, नाव मात्र ठरलं — ग्लॅडिस. शाळेत आपल्या सगळ्यांना वाढणारी ग्लॅडिस. नाव चांगलं आहे, हे मान्य करायला हवं.

दुसरा विषय, मेन स्ट्रीटवरचे खड्डे. खड्डे आहेत, असं एकमताने ठरलं.

तिसरा विषय पैशांचा. राज्याच्या वाहतूक खात्याकडे यंदा हिवाळी पायवाटांसाठी निधी आहे. राजधानीतून, सेंट पॉलहून महापौरांना फोन आला होता, हवाय का म्हणून. आमचे महापौर म्हणजे हार्डवेअरच्या दुकानातले मर्ल होक्कानेन, इतका सभ्य माणूस की दारावर डोकं आपटलं तर दाराची माफी मागेल.

"मी म्हटलं, नको नको, दुसऱ्या गावांना जास्त गरज असेल."

"मग त्यांनी पुन्हा विचारलं?"

"विचारलं ना. पुन्हा नको म्हटलं."

"छान केलंस," सगळे म्हणाले. आता आठवडाभरात तिसरा फोन येईल, मर्ल म्हणतील, 'तुमचा एवढा आग्रहच असेल तर...' आणि झालं! पहिल्याच खेपेला हो म्हणणारा माणूस पाईक बेंडमध्ये आजवर जन्मलेला नाही. मलाही यात काही वावगं वाटलं नाही, हे इथं नोंदवून ठेवते.

इतिवृत्तात लिहिलं: 'निधीबाबत चर्चा झाली.' मी सभेची चिटणीस. मला मतदानाचा हक्क नाही. तोंड उघडायचाही नाही. म्हणून ही वही.

८ ऑक्टोबर

दुपारी नवऱ्याकडे, रॉयकडे. जुन्या रेल्वेच्या पुलावरून चालत गेले. रूळ काढून केलेली पायवाट — माझ्या दारापासून नदीपलीकडच्या, आजारी-म्हाताऱ्यांच्या होमच्या दारापर्यंत सरळ. मोटारींच्या पुलावर चालायला जागा नाही, आणि गाडी चालवणं वसंतातच संपलं. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, "आर्डिस, तुम्हाला समोरचं सगळं दिसतं, बाजूचं काही दिसत नाही." नवऱ्याच्या मते मला बाजूचं ऐकूही येत नाही, लग्न झाल्यापासून.

ऑगस्टमध्ये शिडीवरून पडून खुबा मोडून घेतला त्याने. पन्हाळी साफ करायला चढला होता — "दोन मिनिटांचं काम!" आता काठी धरून वऱ्हांड्यात फेऱ्या मारतो. नर्स म्हणाली, पुढंमागं घरी नेता येईल. मी विचारलं, "येतोस का घरी?"

"नको. इथं बरं आहे. तुला कशाला त्रास?"

म्हटलं, बरं.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

सभा. फोन आलेला नाही. "येईल," मर्ल म्हणाले. सगळ्यांनी माना डोलवल्या.

लॅवॉनने भोपळ्याच्या वड्या आणल्या होत्या. शेवटच्या वडीला नेहमीप्रमाणे कुणी हात लावेना. कौन्सिलर कर्टने अर्धी घेतली, डेनीने अर्ध्याची अर्धी, मी उरल्याची अर्धी. सभा संपली तेव्हा बशीत नखाएवढा तुकडा होता आणि कुणीही हावरट ठरलं नव्हतं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

पायवाटेवर एक तास. कर्ट ब्रँडव्होल्ड — स्नोमोबिलवाल्यांच्या क्लबचा अध्यक्ष आणि कौन्सिलर, दोन्ही टोप्या एकाच डोक्यावर. तो म्हणतो, बर्फ काढूच नका. त्याच्या मंडळींना पुलावर बर्फ हवा, म्हणजे बर्फावरच्या त्या फटफट्या सुसाट नेता येतात. "हिवाळ्यात त्या वाटेने चालतं तरी कोण?"

सगळे माझ्याकडे बघायचं टाळत होते. सगळ्यांना माहीत आहे ना! मी मान खाली घालून लिहिलं: 'श्री. ब्रँडव्होल्ड यांनी वापराबाबत प्रश्न उपस्थित केला.' पेन्सिलीचं टोक मोडलं. ते इतिवृत्तात नाही.

फोन? छे.

११ नोव्हेंबर

बर्फ पडला. पडला म्हणजे कोसळला. डेनीच्या ट्रकने रस्ते साफ केले. पायवाट मांडीइतक्या बर्फाखाली. पुलाच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले, परत आले.

वाण्याकडे मात्र वडिलांची घसरखुर्ची घेऊन गेले — पुढं लाकडी खुर्ची, खाली लोखंडाच्या दोन लांब पट्ट्या, मागं उभं राहून एका पायाने ढकलायची. वडील फिनलंडची सगळी भाषा विसरले, ही खुर्ची तेवढी विसरले नाहीत. दाबल्या गेलेल्या बर्फावर अशी पळते! मऊ बर्फात मात्र रुतून बसते, एखाद्या कौन्सिलरसारखी.

१२ नोव्हेंबर

शेजारची बेव्ह कुंपणाशी आली. "सोडू का तुला पलीकडे? मी तिकडंच निघालेय."

"नको गं, कशाला."

"अगं, खरंच, वाटेतच आहे."

"नको नको, तुझा खोळंबा होईल."

आता ती तिसऱ्यांदा विचारणार, मी कोट घालूनच उभी होते — आणि तिचा फोन वाजला! बोलत बोलत गाडीत बसून गेली. कपाळ माझं.

संध्याकाळी रॉयशी फोनवर बोलले. "नको येऊस एवढ्या बर्फात, काय अडलंय?" तो म्हणाला. त्याचं काही अडलं नव्हतं. माझं अडलं होतं. दुपारी एका माणसासाठी सूप केलं आणि पातेल्याकडे बघून रडले. मूर्खासारखी.

१३ नोव्हेंबर

शेवटी मीच सेंट पॉलला फोन लावला. अधिकार नसताना! खात्यात नवा माणूस आहे, गिड्री नावाचा, दक्षिणेतल्या लुइझियानाहून आलेला. आवाज पाकात घोळल्यासारखा.

मी सुरुवात केली हवेपासून. मग तुमच्याकडे किती बर्फ, मग आमच्याकडे किती बर्फ. मग बर्फ बरा, पण वारा वाईट. बराच वेळ ऐकून घेतलं बिचाऱ्याने. मग म्हणाला, "मॅडम, तुम्हाला नक्की काय हवंय?"

असं विचारतात का कुणाला? तोंडावर? "छे, काही नाही!" म्हणाले आणि फोन ठेवणारच होते. तेवढ्यात तो म्हणाला, "पाईक बेंड ना? तुमचं नाव मी यादीतून काढलं. महापौर दोनदा नको म्हणाले."

दोनदा नको म्हणाले, म्हणून काढलं! म्हणजे त्याला ते खरंच वाटलं. लुइझियानात लोक जेवतात तरी कसे?

मी म्हटलं, "असं झालं होय." शेवटी तोच म्हणाला, "दोन डिसेंबरच्या सभेला येतो आणि समोरासमोर विचारतो. त्यानंतर मात्र दार बंद."

मर्लना सांगितलं. "अरेरे, उगाच एवढ्या लांबून त्याला त्रास," ते म्हणाले.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

थँक्सगिव्हिंग. मर्ल स्वतः गाडी घेऊन आले आणि सणाचा दिवस म्हणून तीनदा विचारलं. देव त्यांचं भलं करो.

रॉय बारीक झालाय. होममध्ये टर्की — कागदासारखी पातळ — आणि सलगमाचा लगदा. रॉयने लगदा सगळा खाल्ला. "छान आहे," म्हणाला. सबंध आयुष्यात सलगमाला शिवला नाही हा माणूस! आमच्या पहिल्या भांडणाचं कारणच सलगम होतं. म्हटलं, बदलतो माणूस.

नर्स म्हणाली, खुबा जुळलाय, हवं तेव्हा घरी न्या. मी विचारलं, "येतोस का?"

"नको. इथं सगळं हाताशी आहे. जेवणही चांगलं आहे. तू नको काळजी करूस."

"बरं," म्हटलं. आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. मला बाजूचं दिसत नाही. तो पुन्हा पडला तर? तिकडं निदान दहा जणांचे डोळे आहेत. घरी एक माणूस, आणि त्याचेही अर्धेच.

येताना मर्ल वाटभर हवेबद्दल बोलत होते.

२ डिसेंबर, मंगळवार

आला! गिड्री. पातळ कोट, पायात चकचकीत बूट, कान लालबुंद. सभागृह भरलेलं — परगावचा माणूस बघायला. लॅवॉनने वड्या आणलेल्या, खजुराच्या.

त्याने उभं राहून सरळ विचारलं, "पाईक बेंडला ट्रॅक्टर आणि पायवाटेच्या देखभालीसाठी निधी हवा आहे का?"

हीटरची कुरकुर भाषणासारखी वाटली. मर्ल म्हणाले, "एवढ्या लांबून आलात, हेच खूप. पण दुसरी गावं असतील..."

"दुसऱ्या गावांचं मी बघतो. तुम्हाला हवा आहे का?"

"नाही, म्हणजे आमचं तसं भागतंय," मर्ल म्हणाले. कर्टने जोरात मान डोलवली. डेनी पेल्टो बुटांकडे बघत होता. तोंडात गुळणी धरून बसलेलं अख्खं गाव!

गिड्रीने फाईल मिटली. "ठीक आहे. आभारी आहे," म्हणाला आणि कोट घालायला लागला.

आणि मी उठले. सभा चालू असताना, इतिवृत्त अर्धवट टाकून! त्याच्या मागं वऱ्हांड्यात गेले. बाही धरली त्याची.

"अहो, तिसऱ्यांदा विचारा!"

"मॅडम, ते नाही म्हणाले. दोनदा. म्हणजे आता चारदा."

"मागचं सोडा, आज दोनदाच झालंय! आमच्याकडे पहिलं नको म्हणजे रीत, दुसरं म्हणजे 'खरंच मनापासून विचारताय ना?' तिसऱ्यांदा जे म्हणतील ते खरं. जा, विचारा."

"आणि तिसऱ्यांदाही नको म्हणाले तर?"

"तर मग खरंच नको. पण विचारा हो! मला त्या पुलावरून माझ्या नवऱ्याकडे जायचंय." हे शेवटचं वाक्य मी कसं बोलले, मलाच कळलं नाही.

तो कोट काढून आत गेला. "महापौरसाहेब, राज्याची फार इच्छा आहे हो. घ्याच."

मर्ल घसा खाकरले. "आता तुमचा एवढा आग्रहच असेल तर... तुमचं मन कसं मोडायचं?"

चार विरुद्ध एक. टाळ्या नाहीत, आमच्याकडे वाजवत नाहीत. पण मागच्या रांगेतून कुणीतरी जोरात नाक शिंकरलं. म्हणजे आनंद.

नंतर कॉफीपाशी गिड्री आला. बशीत शेवटची वडी. त्याने मला पुढं केली. "नको," म्हटलं. पुन्हा पुढं केली. "नको नको, तुम्ही घ्या." तिसऱ्यांदा पुढं केली, हसत! शिकला की. मी घेतली. अख्खी.

"एक विचारू?" तो म्हणाला. "एखाद्याला कुणी तिसऱ्यांदा विचारलंच नाही, तर?"

"तर बसतो बिचारा तिथंच," मी म्हटलं. तोंडात वडी होती. लोक हसले.

३ डिसेंबर

झोप लागली नाही. खजूर असेल.

१६ डिसेंबर, मंगळवार

ग्लॅडिस आली! डेनीने शेजारच्या तालुक्यातून ट्रकवर घालून आणली. लाल, जरा वापरलेली, एका बाजूला पोचा आलेली. मर्लनी फीत कापली. कर्ट आला नाही. लॅवॉनने भाषण केलं, त्यात ग्लॅडिस म्हणजे ट्रॅक्टर की बाई, हे शेवटपर्यंत स्पष्ट झालं नाही. डेनीने किल्ली फिरवली आणि ती एकदाच खोकून चालू झाली. अगदी ग्लॅडिससारखी.

१७ डिसेंबर

खिडकीतून दिसलं — पुलावरून पलीकडच्या दारापर्यंत वाट मोकळी. मीठ नाही, वाळू नाही. खाली दाबलेला, काचेसारखा बर्फ. डेनीला सांगितलं होतं, मीठ टाकून बर्फ वितळवू नकोस. का, ते त्याने विचारलं नाही.

चालत गेले. रॉय खिडकीशी बसला होता. त्याच्या खुर्चीचं तोंड पुलाकडे. नर्सला म्हटलं, छान जागा दिलीत. ती म्हणाली, "तेच सरकवतात रोज. आम्ही टीव्हीकडे करतो, ते परत वळवतात."

सलगमाची बशी भरलेली तशीच होती. मला बघून तो घाईघाईने खायला लागला.

विचारणार होते. तेवढ्यात औषधांची घंटा झाली, आणि मीही भित्रीच. परत आले.

१८ डिसेंबर, गुरुवार

घसरखुर्ची घेऊन गेले. रिकामी, वर घोंगडी. दारातूनच विचारलं, "रॉय, घरी चल ना."

त्याने काठी हातात घेतली. म्हणाला, "बॅग पलंगाखाली आहे. सप्टेंबरपासून भरलेली."