कॅमेऱ्याची कंपनी बदलण्याबाबत आत्यास

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. (गुडघा धरल्यामुळे प्रत्यक्षात तो खुर्चीत बसूनच घातला आहे, पण तू पूर्ण समजून घे.) आम्ही दोघंही ठणठणीत आहोत. तुझ्या डोळ्याचं कसं काय? थेंब वेळेवर घालतेस ना? मोतीबिंदू काढून तीन महिने होऊन गेले, म्हणजे डॉक्टरांनी वाचायची परवानगी दिली असणार असं धरून चालतो आणि अक्षर मुद्दाम मोठं काढतो. दिली नसेल तर ताईकडून वाचून घे, फक्त कंसातलं तिला मोठ्याने वाचू देऊ नकोस. मागे फोनवर तू म्हणालीस की आता कॅमेरा पुरे, या डोळ्यांनी सुईत दोरा ओवता आला तरी खूप झालं. मला ते मुळीच आवडलं नाही. पण त्याचं उत्तर सवडीने देईन, कारण आजचा विषय तातडीचा आहे.

हा विषय फोनवर का नाही काढला, असं तू विचारशील. फोनवर तू मला दुसऱ्या वाक्याला अडवतेस, पत्रात तुला ती सोय नाही. तेव्हा चष्मा नीट बसव आणि ऐक. मी कॅमेऱ्याची कंपनी बदलतोय. आपली सोडून त्यांची घेतोय.

झालं, लिहून टाकलं. तू आता पत्र खाली ठेवून पाणी प्यायला उठली असशील, ते पिऊन ये. आपल्या घरात दुसऱ्या कंपनीचं नाव कधी कुणी तोंडाने घेतलं नाही, नुसतं ‘त्यांचं’ म्हणायची पद्धत, हे मी विसरलेलो नाही. मी सात वर्षांचा असताना त्यांच्या कंपनीची छापील पिशवी घेऊन घरात शिरलो होतो आणि तू ती उलटी करून माझ्या हातात परत दिली होतीस, तेही आठवतं. पण आत्या, मी आता पंचावन्नचा आहे. स्टुडिओची पाटी तू माझ्या हवाली केलीस तेव्हा ‘डोकं चालवून चालव’ असं म्हणाली होतीस. तर मी डोकं चालवलं आहे, आणि ते कसं चालवलं ते सविस्तर सांगतो.

आपल्या कॅमेऱ्याने मान टाकली आहे. दोन महिन्यांपूर्वी तू आठ दिवस राहून गेलीस ना, जवळजवळ तेव्हापासूनच. डोळा लावला की आत सगळं धुक्यात असल्यासारखं दिसतं. तुझ्या तिन्ही लेन्स हाताने फिरवून फोकस करायच्या, हा मला आजवर अभिमान होता. (समोरच्या फोटोग्राफरला कॅमेरा सगळं आपोआप करून देतो. मी त्याला तसं तोंडावर सांगतोही.) पण आत स्पष्ट दिसलंच नाही तर हाताने फिरवणार काय आणि थांबणार कुठे? तरी अनुभवाच्या जोरावर अंदाजाने खेचत होतो. नंतर लक्षात आलं की खाली जे बारीक आकडे दिसतात, तेसुद्धा धूसर झालेत. म्हणजे बिघाड थेट आतपर्यंत पोचलेला. तुझ्या सूनबाईचं म्हणणं पडलं की कॅमेऱ्याचं राहू दे, तुम्ही स्वतःचे डोळे तपासा. मी हट्टाने लगेच तपासून घेतले. चष्मेवाल्याने शेवटची ओळ वाचायला लावली, मी ती वाचली आणि त्याखाली छापखान्याचं नाव होतं तेही वाचून दाखवलं. डोळे उत्तम, असं त्याने कागदावर लिहून दिलं, आणि तो कागद मी काउंटरच्या काचेखाली सरकवून ठेवला आहे. डोळे उत्तम असतील तर वाईट कोण? कॅमेरा. यात कुणाला चूक काढता आली तर मी मिशी उतरवीन.

शिवाय माझा सर्वांत मोठा साक्षीदार तूच आहेस. जायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं पडद्यासमोर बसलो आणि आग्रहाने तुला एक फोटो काढायला लावला, आठवतं? तू डोळा लावलास आणि लगेच म्हणालीस, ‘काय रे हे, धुरकट दिसतंय सगळं.’ मग कुरकुर केलीस, बोटांनी थोडी चाळवाचाळव केलीस आणि मग खटक. म्हणजे रोगाचं पहिलं लक्षण तुझ्या लक्षात आलं होतं! मी तेव्हा ते तुझ्या ऑपरेशनवर ढकललं, त्याबद्दल माफी मागतो. आता तो फोटो मात्र काचेसारखा लख्ख आलाय. माझ्या मिशीतला पांढरा केस न् केस मोजून घ्यावा. सूनबाईने तो शोकेसमध्ये मधोमध लावलाय. त्यानंतर एकही फोटो तसा आला नाही. यावरून मी असं ताडलं की कॅमेऱ्याने तुझ्या हातात शेवटचा प्रामाणिक श्वास घेतला आणि मग सोडला.

आता खरं दुखणं सांगतो. परिचारिका विद्यालयाचा वार्षिक ग्रूप फोटो. चौऱ्याण्णव मुली, पाच रांगा, पांढरे गणवेश. तू पहिल्यांदा तो काढलास तेव्हापासून आजपर्यंत दुसऱ्या कुणाच्या हातात गेलेला नाही. यंदा मी नेहमीसारखा शिडीवर चढलो, नेहमीसारख्या त्याच गमती सांगितल्या, मुली नेहमीसारख्या हसल्या. प्रिंट काढून बघतो तर चौऱ्याण्णव चेहरे साबणाच्या पाण्यातून पाहिल्यासारखे, आणि शेवटच्या रांगेमागे भिंतीवर टांगलेली आगीची लाल बादली मात्र अशी ठळक की तिच्यावरचा नंबरसुद्धा वाचता येतोय. मेट्रनबाईंनी (म्हणजे तुझ्या त्या पहिल्या फोटोत तिसऱ्या रांगेत डोळे मिटून उभी असलेली मुलगी, तीच ही) प्रिंट हातात घेतला आणि म्हणाल्या, ‘बादली छान आलीये.’ ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढच्या गुरुवारी दहा वाजता पुन्हा काढायचा ठरलाय. तोही बिघडला तर काम समोरच्याकडे जाईल, असं त्यांनी चहाचा कप माझ्यासमोर सरकवत शांतपणे सांगितलं. आत्या, तो चहा मी तसाच ठेवून उठलो. काम जाईल याचं एवढं नाही. तुझ्या पाटीखाली उभं राहून ते मी घालवलं असं होईल, आणि ते मला सहन होणार नाही.

म्हणून कॅमेऱ्याच्या दुकानात गेलो. दुकानदाराने त्यांच्या कॅमेऱ्याची नवी बॉडी चार दिवस वापरून बघायला दिली. काय यंत्र आहे म्हणून सांगू! कॅमेऱ्याच्या पडद्यावर एक छोटी चौकट येते आणि माणसाचा डोळा आपण शोधायच्या आत शोधून त्याच्यावर बसते. पहिल्याच दिवशी एक वकील ओळखपत्राच्या फोटोसाठी आले. मी कॅमेरा रोखला तर चौकट वकिलांवर बसेचना. सारखी बाजूला पळायची. फोटो आल्यावर कळलं की मागच्या पडद्याच्या फटीतून सूनबाई मला जेवायला बोलवत होती आणि चौकटीने तिचा डोळा पसंत केला होता. वकील धूसर, सूनबाई ठळक, आणि चांगलीच रागावलेली. तिने याला यंत्राचा दोष म्हटलं. मी म्हणतो, घरात कुणाकडे लक्ष द्यायचं हे ज्या यंत्राला एका दिवसात कळलं ते हुशारच म्हणायला हवं.

दुसरी गंमत म्हणजे त्याला आवाजच नाही. कोपऱ्यावरचे शिंपीकाका तुला माहीत आहेत, फोटो म्हटला की छाती फुगवून श्वास रोखून बसतात आणि खटक ऐकल्याशिवाय सोडत नाहीत. मी सहा फोटो काढले, समाधानाने मान हलवली आणि कॉम्प्युटरकडे वळलो. थोड्या वेळाने मागे बघतो तर काका जांभळे! बिचारे अजून खटक व्हायची वाट बघत होते. पाठीवर थोपटून पाणी पाजलं. तेव्हापासून मी फोटो काढला की तोंडानेच खटक म्हणतो. जमतं हळूहळू. (सूनबाईच्या मते अजून ते चुटकीसारखं वाटतं.) आणि लेन्स बसवायची त्यांची दिशा आपल्या उलट आहे. माझा हात एवढ्या वर्षांच्या सवयीने आपल्या बाजूलाच वळतो. परवा घराचं कुलूपही उलटं फिरवत उभा होतो, पण या गोष्टी अंगवळणी पडतात. माणसाने काळाबरोबर बदललं पाहिजे, असं मी गेल्या आठवड्यात समोरच्यालाही ऐकवलं, चष्मेवाल्याला ऐकवलं आणि मेट्रनबाईंना तर लेखी कळवलं की गुरुवारी नवा कॅमेरा घेऊनच येतोय.

आता फक्त एक बारीकशी अडचण उरली आहे. त्यांची बॉडी मिळायची तर आपली जुनी बॉडी आणि तुझ्या तिन्ही लेन्स बदल्यात द्यायच्या. (मधे एक कडी बसवून जुन्या लेन्स नव्याला लावता येतात म्हणे, पण त्या ठेवून घेतल्या तर देणार काय?) मी पेटी घेऊन गेलो. दुकानदाराने पहिली लेन्स उचलली, उजेडात फिरवली आणि कडेला तू सुईने कोरलेलं तुझं नाव वाचलं. मग दुसरी, मग तिसरी. पेटी बंद करून माझ्याकडे परत सरकवली आणि म्हणाला, ‘मावशींना विचारल्याशिवाय मी या घेणार नाही.’ मी म्हटलं, विचारा की, आमची आत्या पुढारलेल्या विचारांची आहे. तर शनिवारी सकाळी त्याचा तुला फोन येईल. ‘हो’ म्हण. एकच अक्षर आहे. मी पूर्ण विचार केला आहे, मनात तिळमात्र शंका नाही, आणि दोन महिन्यांत प्रथमच मला शांत झोप लागते आहे. ताईला आणि जावईबापूंना नमस्कार, आणि थेंब चुकवू नकोस.

तुझा आज्ञाधारक (यावेळचं सोडून)
भाचा

ता. क. : पत्र पाकिटात घालायच्या आधी एक किरकोळ गोष्ट घडली, ती कळवतो. जुना कॅमेरा परक्याच्या हाती मळका जाऊ नये म्हणून शेवटचा पुसायला घेतला. डोळा लावायच्या चौकटीशेजारी एक इवलंसं चाक आहे, शर्टाच्या बटणापेक्षाही लहान, ज्याच्या त्याच्या डोळ्याचा नंबर बसवून घ्यायचं. मी ते हा कॅमेरा आणला त्या दिवशी एकदा फिरवलं होतं, नंतर ते आहे हेसुद्धा विसरलो. पुसता पुसता त्यात कापूस अडकला, चाक टिक टिक करत चार घरं फिरलं. सहज डोळा लावला तर दारात उभ्या असलेल्या सूनबाईच्या कपाळावरची आठी अशी स्पष्ट दिसली की मी दचकलो. आकडे लख्ख, सगळं लख्ख. धडाधड दहा फोटो काढले, दहाही काचेसारखे. मग मला तुझं ‘धुरकट दिसतंय’ आठवलं, आणि ती बोटांची चाळवाचाळवही आठवली. आत्या, कॅमेरा दोन महिने तुझ्या डोळ्यांनी बघत होता आणि मी त्याला म्हातारा ठरवून मोकळा झालो. तुझ्यावर राग बिलकुल नाही. चूक चाक न तपासणाऱ्याची. (हे वाक्य ताईलाही वाचून दाखवू नकोस.)

ता. क. २ : तेव्हा शनिवारी फोन आला की ‘हो’ म्हणू नकोस. ‘नाही’ म्हण. नुसतं म्हणू नकोस, चांगलं फैलावर घे. ‘माझ्या जिवंतपणी लेन्सला हात लावायची तुझी हिंमत कशी झाली’ वगैरे, तुला सुचेल तसं. आवाज चढव, दुकानात ऐकू गेला पाहिजे. मी सगळ्या गल्लीला नव्या कॅमेऱ्यावर व्याख्यान देऊन बसलोय. तू अडवलंस म्हटलं की माझी बाजू राहते, आणि थोरांच्या शब्दाबाहेर न जाणारा म्हणून उलट मान वाढतो. फोनवर हे सांगता आलं नसतं, कारण फोन स्वयंपाकघरात आहे आणि सूनबाईही तिथेच असते. चाकाचं तिला कळलेलं नाही. मी कापूस फेकून दिला आहे.

ता. क. ३ : मघाशी ज्याचं उत्तर सवडीने देईन म्हटलं, ते आता देतो. शोकेसमधला तुझा तो फोटो पुन्हा जाऊन बघितला. ऑपरेशननंतर महिन्याभरात, चाक स्वतः बसवून घेऊन, हाताने फोकस करून काढलेला, आणि मिशीतला केस न् केस त्यात मोजता येतो. सुईत दोरा म्हणे! मी सूनबाईच्या नखांच्या रंगाचे दोन ठिपके चाकाशेजारी दिलेत. पांढरा माझा आहे, लाल तुझा. गुरुवारी दहा वाजता चौऱ्याण्णव जणी आणि मेट्रनबाई अंगणात उभ्या असतील. बुधवारच्या गाडीने ये. रांगा मी लावतो, गमती मी सांगतो, बादली मी आधीच उतरवून ठेवतो. शिडीवर चढायची गरज नाही, टेबलावर खुर्ची ठेवून तुला बसवीन आणि मी स्वतः पाठीशी उभा राहीन. तू फक्त चाक लाल ठिपक्यावर आण आणि खटक कर. नंतर ते माझ्या ठिपक्यावर परत आणायला गेल्या वेळेसारखी विसरलीस, तरी चालेल.