एक बीमची मुदत

दापोडे, मंगळवार
(दुपारच्या चहाची सुट्टी)

तीर्थस्वरूप रवींद्रदादा यांना नागसेनचा सविनय जयभीम. कलावतीवहिनींनाही सांगावा. तुमची साखर, वहिनींचे गुडघे आणि तुमच्या घरचा पंखा (गेल्या खेपेला मी दुरुस्त केल्यापासून तो उलटा फिरतो असं ऐकतो) हे तिन्ही ठीक असतील अशी आशा आहे. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. वनिता बरी आहे. तिची टीम बरी नाही, आणि पत्राला कारण तेच आहे. अंबाडी ते दापोडे एवढ्याशा अंतरासाठी कुणी पत्र लिहितं का, असं तुम्ही म्हणाल. पण तुमचा फोन वहिनी उचलतात, आणि वहिनींना कळलेली गोष्ट वनिताला कळायला चहाला उकळी येण्याइतकाही वेळ लागत नाही. (ही तक्रार नाही. नणंद-भावजयीचं असं जमणं भाग्याचंच म्हणायचं.) म्हणून हे पत्र टेम्पोवाल्याच्या हाती देतो आहे.

तुमची बहीण नवयुवक फुटबॉल क्लबची मॅनेजर झाली हे तुम्हाला ठाऊक आहेच. ती कशी झाली हे बहुधा ठाऊक नसेल. आमच्या क्लबला मॅनेजर टिकत नाही. पाच वर्षांत चार झाले. पहिला मध्यंतरातच काढला, दुसऱ्याने गोलला जाळी मागितली म्हणून त्याला उधळ्या ठरवून काढला, तिसरा स्वतःहून गेला तो अजून शिट्टी परत द्यायला आलेला नाही, आणि चौथ्याचं नाव निघालं की अजूनही सगळे इकडेतिकडे बघतात. त्या चौथ्याच्या शेवटच्या मॅचला वनिता माझा डबा घेऊन मैदानावर आली होती. डबा बाजूला राहिला आणि ही चुन्याच्या रेघेबाहेर उभी राहून ओरडायला लागली, की तो डावीकडचा मोकळा आहे, त्याला द्या, अरे द्या ना मेल्यांनो! दिला. नव्वद मिनिटांत तेवढा एकच चेंडू विरोधी गोलपर्यंत पोचला. आमचे अध्यक्ष चिंधूशेठ (ज्यांच्या लूमच्या कारखान्यात मी मेहता आहे, म्हणजे कोणत्या लूमवर किती मीटर कापड निघालं ते लिहायचं काम करतो) खुर्चीतून म्हणाले, "ही बाय बोलतं ते बरोबर हाय." झाली नेमणूक. मी क्लबचा सेक्रेटरी असल्याने नेमणुकीच्या पत्रावर सही मीच केली आणि ते घरी जाऊन मीच दिलं. तिने ते दोनदा वाचलं. मग माळ्यावर चढून ते जुने शूज काढले, तुम्ही कॉलेजात असताना तिला गुपचूप आणून दिलेले, आणि तळव्याला गोंद लावत बसली. मला म्हणाली, मला फक्त एक सीझन पुरा करू द्या, बाकी काही नको. दादा, खरं सांगतो, इतकी खुशीत मी तिला आमच्या लग्नातही बघितली नव्हती. (लग्नात मी होतो, हे कारण असू शकेल.)

आता टीमचं. आमची अर्धी पोरं लूमवर आहेत आणि अर्धी गोडाऊनमध्ये. (पोरं म्हणजे म्हणायला. गोलकीपर कुणालला दोन मुली आहेत आणि तिसऱ्यांदा पेढे वाटायची तयारी चालू आहे.) लूमवाल्यांची सुट्टी शुक्रवारी, गोडाऊनवाल्यांची रविवारी. त्यामुळे शुक्रवारी पाचजण सराव करायचे, रविवारी सकाळी सहाजण, आणि हे अकराजण एकमेकांना मॅचच्या रविवारी, चिंधूशेठ लूमवाल्यांना अर्धा दिवस सोडायचे तेव्हाच भेटायचे. एकदा तर लेफ्ट बॅक मुस्तकीमने आपल्याच सेंटर फॉरवर्डला पाडलं. नवीन माणूस दिसला म्हणून! वनिताने पहिल्या आठवड्यात हे ओळखलं आणि सकाळी शिफ्ट बदलायच्या वेळेला पाऊण तास सगळ्यांना एकत्र बोलवायला लागली. रात्रपाळीवाले जांभया देत आणि दिवसपाळीवाले डोळे चोळत, पण अकराच्या अकरा. हे रुळायला वेळ लागणार हे लहान मुलालाही कळेल. आमच्या कमिटीत लहान मूल नाही.

पहिली मॅच आम्ही सात-शून्य हरलो. दुसरीच्या दिवशी सकाळी चिंधूशेठना वाटलं की पोरांचे पाय आखडलेत, म्हणून वनिता नको नको म्हणत असताना त्यांनी स्वतःच्या गाडीने आणि एका टेम्पोने सगळ्यांना अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडात नेलं. दोन तास बसवलं. मंडळी इतकी सैल होऊन आली की मैदानावर कुणी पळेना, पडलं तर उठेना, आणि कुणाल गोलच्या खांबाला टेकून डुलकी काढताना पंचांनी पाहिला. सहा-शून्य. इतिवृत्तात मात्र 'मॅनेजरच्या काळातील सलग दुसरा पराभव' असंच लिहावं लागलं. कुंड कोणाच्या काळातलं, याला रकाना नाही. पुढे आणखी तीन हरलो आणि चिंधूशेठनी कमिटी बोलावली. विषय एकच होता, मॅनेजरला किती वेळ द्यायचा.

दादा, या विषयावर शहाणी माणसं काय म्हणतात ते मी तुम्हाला सांगतो. चिंतामणी सर (निवृत्त मुख्याध्यापक, आमचे कायदेशीर सल्लागार, कायदा शिकलेले नाहीत, पण आवाज तसा आहे) म्हणाले की वार्षिक परीक्षेआधी निकाल लावता येत नाही, वर्ष द्या. सेंटर फॉरवर्ड कुमार खेळाडूंचा प्रतिनिधी म्हणून बसतो आणि गोडाऊनमध्ये फोर्कलिफ्ट चालवतो. तो म्हणाला आमच्याकडे माल पसंत पडला नाही तर सात दिवसांत परत जातो. (नंतर मला बाजूला घेऊन म्हणाला, मी मॅडमच्या बाजूनेच बोललो, सात दिवस म्हणजे अजून एक मॅच मिळाली असती.) मी काही बोललो नाही, कारण नवरा या नात्याने माझं मत धरायचं नाही असा ठराव आधीच झाला होता आणि तो मीच लिहिला होता. शेवटी चिंधूशेठ बोलले. "लूमवर नवा जॉबर ठेवला का मी त्याला एक बीम देतो. बीम सरंपर्यंत कापड बरा निघाला तं ठेवतो, न्हाय तं घरी जा. हिला पन तोच कायदा." सगळ्यांना हे इतकं पटलं की टाळ्या वाजल्या. बीम म्हणजे काय हे तुम्हाला, सुताला खळ लावून बीम भरून देणाऱ्या सायझिंगच्या फोरमनला, मी सांगायला नको. पण चिंतामणी सरांनी इतिवृत्तात व्याख्या लिहायला लावली ती उतरवतो: 'ताण्याचे सूत गुंडाळलेला लोखंडी रूळ, जो लूमवर चढवला असता सूत संपेपर्यंत कापड निघत राहते.' त्याच दिवशी नऊ नंबरच्या लूमवर चौदाशे मीटरचा नवा बीम चढला होता. तो संपायच्या आत एक तरी मॅच जिंकली पाहिजे, नाहीतर वनिता घरी, असा ठराव झाला. चिंतामणी सरांना वाटलं होतं चौदाशे मीटर म्हणजे सहा महिने. घरी जाताना मी त्यांना सांगितलं की दिवसाला ऐंशी मीटर निघतात आणि हे तीन आठवड्यांचं काम आहे. ते रस्त्यातच थांबले.

त्यानंतर नऊ नंबरच्या लूमला अडचणी यायला लागल्या. कशा आल्या हे मी खोलात सांगत नाही. पहिल्या आठवड्यात बाण्याचं सूत वेळेवर आलं नाही. (ते कुठे ठेवलंय हे मेहत्याला विचारायचं कुणाला सुचलं नाही.) मग मोटर तापते असं माझ्या लक्षात आलं. मग कापडात दोष दिसतो अशी मला शंका आली आणि शंकेचं निरसन व्हायला तीन दिवस गेले. मुस्तकीम, तोच आमचा लेफ्ट बॅक, त्याच्याकडे नऊ नंबर धरून चार लूम आहेत. तो एकदा मला म्हणाला, "मेहताजी, ये नौ नंबर को क्या बीमारी है? हर हफ्ते इतवार के बाद ठीक होती है, फिर बीमार पडती है." मी त्याला चहा पाजला. चौथा आठवडा लागला तेव्हा चिंधूशेठ बीमवर हात फिरवून म्हणाले की असा चिवट बीम जन्मात बघितला न्हाय, कुठल्या सायझिंगचा हाय? तुमचं नाव सांगितलं. आता ते सगळे बीम तुमच्याकडूनच घ्यायचं म्हणतात. (याबद्दल आभार मानायची गरज नाही.)

आणि या मिळालेल्या वेळात काय झालं ते बघा. चार-शून्य. मग तीन-एक, त्यातला एक कुमारचा, आणि आमचा गोल झाल्यावर पुढे काय करायचं असतं हे कुणालाच माहीत नसल्याने सगळे त्याला धरून उभे राहिले आणि तेवढ्यात तिसरा झाला. मग दोन-शून्य, एक-शून्य, आणि परवा रविवारी एक-एक बरोबरी. मीटर लिहिणारा माणूस आहे मी, मला आकडे कुठे चाललेत ते दिसतं. त्या दिवशी वनिता घरी येऊन शूज न काढताच भात लावायला उभी राहिली आणि म्हणाली, पुढची जिंकणार. मला रडू आलं. कांदा चिरत होतो म्हणून निभावलं.

पण घात केला तो यादव जॉबरने. लूम दुरुस्त करणारा माणूस, वीस वर्षांत एक लूम त्याच्या हाताखालून नादुरुस्त गेला नाही, त्याला हे नऊ नंबरचं जिव्हारी लागलं. काल त्याने सगळा लूम उघडला, काही सापडलं नाही, आणि आज सकाळी चिंधूशेठनी त्याला बीम संपेपर्यंत स्टूल टाकून तिथेच बसायला सांगितलंय. आजचा दिवस लूम परत जोडण्यात जाईल, उद्यापासून मात्र तो थांबणार नाही. दोनशे चाळीस मीटर उरलेत. बुधवारी ऐंशी, गुरुवारी ऐंशी, शुक्रवारी कारखाना बंद, शनिवारी ऐंशी. शनिवारी संध्याकाळी बीम संपेल आणि मॅच रविवारी चार वाजता आहे. एका रात्रीने, दादा! ती मॅच तुमच्याच अंबाडीच्या टीमशी आहे, पण त्या बाबतीत मी तुम्हाला काही सांगणार नाही. तसली विनंती करणारा मी नव्हे. सहज खुशाली कळवावी म्हणून लिहिलं. वहिनींना गुडघ्याला शेक द्यायला सांगा, पण अकलोलीला नेऊ नका.

आपला,
नागसेन

ता. क. लिहायच्या भरात मुख्य विषय राहिलाच. त्याच सुताचा, तेवढ्याच तारांचा एक बीम शनिवार दुपारच्या आत टेम्पोने पाठवावा. जुना संपायच्या आत त्याच्या तारांना नव्याच्या तारा गाठी मारून जोडल्या तर कापड सलग निघत राहतं. मी चिंतामणी सरांना आडून विचारलं. ते चष्मा पुसत म्हणाले की व्याख्येत 'सूत संपेपर्यंत' असं आहे, आणि जे सूत पुढे चालूच आहे ते संपलं असं म्हणता येणार नाही. नवा बीम जरा मोठा असला तर बरं. सीझन मार्चपर्यंत आहे.

आणखी एक ता. क. वहिनींना दाखवू नये.

दादा, मी वनिता. हे माझ्याकडे पाकीट मागायला आले तेव्हाच कळलं, आणि पत्र हातातून घेऊन वाचलं. गेल्या वर्षभरात यांनी कुणाला पत्र लिहिलेलं नाही. मला मुस्तकीमने सगळं कालच सांगितलंय. मीटरवर मजुरी मिळते त्याला. सहा आठवडे त्याचा एक लूम अर्धा बंद, आणि तरी तो रोज सकाळी सरावाला येतोय. त्याच्या पोटावर पाय देऊन मला मॅनेजर राहायचं नाही. मी चिंधूशेठना जाऊन सांगून आले आहे की बीम कुणी थांबवला आणि का, आणि मुस्तकीमची बुडालेली मजुरी ह्यांच्या पगारातून द्या. ते म्हणाले, बीमचा कायदा हाय तो हायच. मीही हेच म्हणाले. शनिवारी संपला तर संपू दे. रविवारी मी मॅनेजर नसेन तर चुन्याच्या रेघेबाहेर उभी राहीन आणि ओरडेन. सुरुवात तशीच झाली होती. ओरडायला मुदत लागत नाही. तू बीम पाठवू नकोस. तू ये. शूज तू आणून दिलेस, पण मी खेळायची तेव्हा बाबांच्या भीतीने एकदाही बघायला आला नाहीस. आता बाबा नाहीत. चार वाजता. अंबाडीच्या बाजूला बसलास तरी चालेल.

शेवटचं. पाकीट चिकटवायला तिने माझ्याकडे दिलंय, म्हणून घाईत लिहितो. दादा, तुम्ही या. नक्की या. ती ज्या गोष्टी बोलत नाही त्या तिने लिहिल्यात. शनिवारी दुपारीच निघा, आमच्याकडे मुक्कामाला या, बसने दगदग होते म्हणून टेम्पोने या. आणि टेम्पो एवढा लांब येणारच आहे, तर रिकामा आणू नका.