बारा नंबरचा बिल्ला

मंगळवार, ९
बोटीवर तिसरा दिवस, आणि जमीन कुठल्या बाजूला राहिली तेच आठवत नाही! झोप, पाणी, जेवण, पाणी, झोप. बिछान्यावर पडलं तरी अंग खाली-वर होत राहतं. हॉस्पिटलातला माझा एक्स-रेचा अंधारा कोपरा आता दुसऱ्याच कुणा बाईचा वाटतो.

ताईने आजही शिट्टी मारून उठवलं. शाळेतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण तिच्यातल्या पी.टी.च्या बाई काही निवृत्त होत नाहीत. पाण्यात उतरायची माझी हवेची टाकी तिने तपासली, पट्टे तिने आवळले, हवा बघितलीस का म्हणून तीनदा विचारलं. आई गेली तेव्हा मी नऊची होते. आता एकोणपन्नासची आहे, पण ताईच्या लेखी अजून नऊचीच.

आम्ही दोघी जोडीने उतरतो. पाण्याखाली तिलाही बोलता येत नाही, तेवढं एक सुख!

बुधवार, १०
आज उस्तादने बोलावलं. उस्ताद म्हणजे पाण्यात नेणारा इथला प्रमुख, खरं नाव कुणी विचारत नाही. व्हेल शार्कच्या अंगावरचे ठिपके प्रत्येकाचे वेगळे असतात. गेल्या फेरीचे फोटो मी जुळवून दिले होते – कुठला नवा, कुठला मागच्या वर्षीचाच. कुठली छाती कुणाची ते सावल्यांवरून ओळखणारी मी, मला ठिपके काय जड!

तर तो म्हणाला, सहा महिने बोटीवरच राहा. फोटो काढायचे, शार्कची नोंद ठेवायची. परवानगी-बिरवानगी मी बघतो. रविवारी काय ते सांगा.

सहा महिने इथे! दिवसभर पाय जमिनीला – म्हणजे डेकला – लागले नाहीत.

ताईला कसं सांगायचं? एक घर, दोन माणसं, एक चहाचं आधण. मी नसले तर ती कुणाला उठवणार?

गुरुवार, ११
सांगणार होते. कच खाल्ली.

दुपारी फळ्यापाशी एकच कल्ला. प्रत्येकाच्या नावचा एक बिल्ला तिथे टांगलेला असतो. पाण्यात उतरताना लाल बाजू पुढे करायची, वर आलं की पांढरी. एका नवरोबांनी बायकोचाही बिल्ला परस्पर उलटला, तेही ती आधीच वर आली होती म्हणून निभावलं. पण उस्ताद संतापला. आपला बिल्ला आपणच उलटायचा. यापुढे ज्याच्या हातून बिल्ल्याची चूक होईल त्याला या फेरीत पाणी बंद, आणि माझ्या बोटीवर पुन्हा पाऊल नाही, म्हणाला. नवरोबा मान खाली घालून जेवले.

परवा शेवटच्या खडकावर जायचंय. तिथे हातोडीसारख्या डोक्याचे शार्क येतात, थव्याने. ताईला सहा वर्षं हुलकावणी देताहेत. आतापासूनच चेहरा लहान मुलीसारखा झालाय तिचा.

शुक्रवार, १२


सकाळी खाली प्रवाह जोरात होता. काहीतरी मोठं हललं म्हणून वळले, पुन्हा मागे बघते तर ताई नाही. जोडीदार चुकला की मिनिटभर शोधायचं आणि वर यायचं, असा नियम. वर आले. बोट निघालेली! पाठमोरी, लहान होत चाललेली.

ओरडले. खुणेचा नारिंगी फुगा फुगवून उभा केला. मुखवट्यात रडले. दहाएक मिनिटं अशी गेली. मग करायला काहीच उरलं नाही म्हणून तोंड पाण्यात घातलं.

तो खालीच होता. व्हेल शार्क. केवढा! पाठभर पांढरे ठिपके, आणि मुळीच घाई नाही. माझ्याखालून गेला, वळला, परत आला. त्याचं शेपूट एकदा इकडे, एकदा तिकडे – आणि माझा श्वास आपोआप त्या लयीत पडला. आपण पाण्यावर आहोत की पाणी आपल्यावर, ते कळेना. मी कुठे आहे हे जगात कुणालाही माहीत नव्हतं, आणि मला फार बरं वाटत होतं. लिहायला लाज वाटते. पण वाटत होतं.

पन्नास मिनिटांनी बोट आली. बोटीच्या पुढच्या टोकाशी ताई, तोंडात शिट्टी, जीव खाऊन फुंकतेय.

फळ्यावर माझा बारा नंबर पांढरा होता, म्हणून मी बोटीवरच आहे असं सगळे समजले. मी आधीच वर येऊन खोलीत झोपले असेन असं ताईलाही वाटलं. चहा घेऊन आली तेव्हा बिछाना रिकामा. उस्तादने सगळ्यांना उभं केलं आणि विचारलं, बाराला हात कुणी लावला?

ताईने हात वर केला. "मी. माझ्याबरोबर तिचाही उलटला. हाताची सवय मेली."

 उस्तादने ताईचा बिल्ला खिळ्यावरून काढून खिशात टाकला.

मी केस पुसत होते. पुसतच राहिले.

शनिवार, १३
शेवटच्या खडकाशी नांगर टाकला. मी कान दुखतो सांगून वर राहिले. बाकीचे चकाकत्या डोळ्यांनी परत आले. ताईने एकेकाला गाठून विचारलं, किती होते? अगदी जवळून? डोळे दिसतात का त्यांचे?

मग माझा सूट वाळत घालता घालता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "उस्तादने सांगितलं मला कामाचं. घे तू ते. मी काय कुक्कुलं बाळ आहे एकटी राहायला?"

हेच तर ऐकायचं होतं मला. जेवण गेलं नाही.

रविवार, १४
ताईने बाराला हातच लावला नव्हता. मीच उतरताना तो लाल करायला विसरले – डोक्यात नुसते शार्क आणि सहा महिने! हे मला पाण्यातच आठवलं होतं. आणि तिला फळ्यासमोरच कळलं होतं.

सकाळी उस्तादला सांगितलं. काम गेलं, बोट गेली; ताईचा बिल्ला मात्र खिळ्यावर परत आला. ताई भयंकर चिडली. पण टाकी मी तिच्या पाठीवर चढवायला गेले तर चढवू दिली.

आत्ता ती त्या खडकाशी पाण्यात आहे.