पान चौदावरची चिठ्ठी

कासार आंबोली
गुरुवार, १३ नोव्हेंबर २०२५

लाडके जुईली,

तुज्या चंद्रा आजीकडनं एक गालगुच्चा, उरला तर आशीर्वाद. मी बरी हाय. गुडघा बोंबलतोय, तोंड शाबूत हाय. भात कापून झाला. बंगलेवाल्यांच्या कुत्र्यानं आमच्या कोंबड्या संपवल्या, म्हणून मी रोज त्यांच्या गेटावर जाऊन अंडी मागते.

तुज्या आजोबांच्या 'नादतरंग' मासिकाचा इतिहास लिवतीयास, झ्याक झालं. लिव, की रेडिओचं मासिक आमच्या ओसरीवरनं निघायचं. भावजी, म्हंजी तुजं आजोबा, मजकूर लिवायचं. आमचं हे आकृत्या काढायचं. आन मी नवी नवरी तिकिटं चाटून चिकटवायची. हे म्हणायचं, "जीभ कुटंतरी कामाला आली!"

परवा फोनवर तू म्हणलीस, जुन्या चैत्राच्या अंकात बघून रेडिओ जोडलाय, रविवारी मासिकाच्या समारंभात पैल्यांदाच लाईटवर लावणार, समद्यांपुढं. मी म्हणलं, "लावू नको गं, ती आकृती चुकलीया. वर दुरुस्तीची चिठ्ठी हाय बघ."

तू हसलीस. "आजी, पुरे तुझी थट्टा! पान चौदा समोर आहे, चिठ्ठी-बिठ्ठी काही नाहीये. वर नाव आहे, कुशाबा, रिहे. तिथल्याच रद्दीत मिळाला अंक."

मी फोन ठेवला.

जन्मभर समद्यांची चेष्टा केली, आता खरं सांगितलं तर कोन ऐकंना. म्हणून लिवतीया.

चौऱ्याहत्तर सालचा चैत्र. अंक छापून आला आन ह्यांच्या ध्यानात आलं, लाईटची तार रेडिओच्या पत्र्याला जोडलेली दाखवलीया. हात लावंल तो गेला. भावजींनी लगोलग दुरुस्तीच्या चिठ्ठ्या छापून आणल्या, चारशे. मी खळ करून एकेका अंकात चिकटवायच्या, मगच अंक टपालात.

त्या दिशी गावची जत्रा. ढोल वाजाय लागलं. साठेक चिठ्ठ्या राह्यल्या व्हत्या. त्या मी कणगीत कोंबल्या आन सांगितलं, "झालं समदं." पाळण्यात बसले. दोनदा.

रिह्यात तवा नुकती लाईट आलेली. कुशाबा हौशी गडी, बावीस वर्साचा. रेडिओ वाजला म्हणून आईला हाक मारली, आन दाराकडं सरकवायला पत्र्याला धरलं.

लोक म्हणलं, चिठ्ठी वाचली नसंल त्यानं. ह्यांनी मातर पुन्यांदा पेन्सिल धरली न्हाई. दोन अंकांत मासिक बसलं. तू कारण इचारलंस तवा मी म्हणलं व्हतं, कागद महागला. हे जातानाबी म्हणलं, "माज्या हातनं गेलं ते पोरगं." मी उशाशीच व्हते. पाणी पाजलं. बोलले न्हाई.

त्याचाच अंक तुज्यापुढं हाय, जुईली.

कैलास दूधवाला तुज्या गावाला, चांद्याला येतोय, त्याच्यासंगं हे धाडते. पाकिटात त्या चिठ्ठ्या हायेत, कणगीतनं काढून एकावन्न वर्सं माज्या लुगड्यांखाली ठेवल्या व्हत्या. कडा उंदरानं खाल्ल्यात, अक्षर लागतंय. डबीत ताजी खळ दिलीया. एक चिकटव पान चौदावर, बाकीच्या इतिहासात. माज्या नावानिशी.

वाचलंस की फोन कर. मी फोनापाशीच बसलीया. आन येवढ्या येळंला हसू नको गं.

ज्या कामाला 'झालं' म्हणलं, ते आज करणारी,
तुजी चंद्रा आजी