आज बेल मी वाजवणार

गॅस बंद आहे. निळी खुर्ची डुगडुगते, तिच्यावर तू बस. जेवणाच्या वेळी ऊन टेबलावर उतरतं आणि पाण्याचे पेले आतून पेटल्यासारखे दिसतात. ही चिठ्ठी वाचून घाबरू नकोस, मी पळून गेलेली नाही.

अहो गृहस्थ, स्वयंपाक झालाय. भाजी कढईत, भात कुकरमध्ये, चिरलेली काकडी फ्रीजमध्ये. तुझा शिंपी मित्र, तुझी बहीण आणि तिचा नवरा आले की गरम करून वाढायचं, एवढंच तुझ्याकडे.

दर रविवारी तुमचं हसणं मी ओट्यापाशी ऐकते. किस्सा कळत नाही, नुसता शेवट ऐकू येतो. मी बाहेर येईपर्यंत तुमचे हात वाळलेले असतात. मग तुझी बहीण म्हणते, "वहिनी, तू काय हवा खाऊन जगतेस?" सगळे हसतात, मीही हसते. मागच्या रविवारी मात्र मी न हसता ताटं उचलली.

म्हणून समोरच्या बागेतल्या बाकावर जाऊन बसतेय, तिथून आपलं दार दिसतं. सगळे जमले की बेल वाजवेन. दार तू उघड. मी चप्पल काढेन, हात धुईन आणि पाहुण्यासारखी येऊन बसेन. "अगं, जरा मीठ आण" म्हणालास तरी उठणार नाही. शिंप्याचा तो कुत्र्याचा किस्सा मला पहिल्यापासून ऐकायचाय. भात आधी थोडाच वाढ, मग आग्रह कर.

टेबलाशी चारच खुर्च्या आहेत. पाचवी गॅलरीतून आण.

तुझी आई जन्मभर ओट्याशी उभ्यानेच जेवली.