उत्तरेकडची भिंत

यॉर्कशायर, संत मार्टिनच्या सणाचा आठवडा, नोव्हेंबर

प्रिय आई,

तुझा आशीर्वाद मागून लिहायला बसलो आहे. मी बरा आहे. राजाने बंद केलेला हा मठ पाडायच्या कामावर दोन वेळचं जेवण मिळतं. तुझा गुडघा कसा आहे? मेंढ्या डोंगरावरून खाली आणल्यास का?

आपला धाकटा ऑझमंड भेटला. थोडा खोकतो, पण जेवतो. बाकीचे संन्यासी निघून गेले, हा अजून तोच झगा घालून इथेच आहे.

राजाच्या माणसांनी मठातल्या चर्चच्या छपराचं शिसं काढलं आणि ते वितळवायला संन्याशांची बाकं जाळली. कोठार आणि गिरणी, राजाकडून ही जागा विकत घेतलेल्या नव्या मालकाला उपयोगाची, म्हणून राहिली. चारशे वर्षांच्या चर्चची आता उत्तरेकडची भिंत तेवढी उभी आहे. मेंढ्यांना आडोसा म्हणून ती ठेवायची आहे.

ऑझमंड त्या भिंतीशी उघड्यावर झोपतो. मी म्हटलं, "घरी चल, आई वाट बघतेय."

"मरेपर्यंत हा मठ सोडणार नाही, अशी शपथ घेतलीय मी."

"अरे वेड्या, मठ राहिलाय कुठे?"

त्याने भिंतीवर हात ठेवला. "मग ही काय आहे?"

आता रात्री बादलीतलं पाणी गोठतं.

मी मुकादमाला म्हटलं, ती भिंतही मी एकटा पाडतो, मजुरी नको; मेंढ्यांसाठी त्याच दगडांचा आडोसा दुसरीकडे रचून देतो. तो हसला. "फुकट? खुळा की काय तू, गिल्बर्ट!"

उद्या सकाळी सुरुवात करतो. ऑझमंडला सांगितलेलं नाही.

चुलीजवळ त्याचं अंथरूण घालून ठेव. माझ्याबद्दल तो जे बोलेल, ते बोलू दे.

देव तुला सांभाळो.

तुझा मुलगा,
गिल्बर्ट