डाव्या तोंडाचा शंख

४ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

सोबतच्या डबीत कापसाखाली काचेची बारीक नळी आहे. तिच्यात दोन शंख आहेत. हसू नका, खरंच आहेत, भिंग घ्या. समुद्राच्या तळाशी, दोन किलोमीटर खोलवरच्या चिखलातून ते वर आले. आकार टाचणीच्या डोक्याएवढा. ही गोगलगाय आजवर कुणीच नोंदवलेली नाही, एवढी खात्री करून घेण्यात माझी संग्रहालयातली तीन वर्षं गेली.

नवी जात जाहीर करायची तर तिचं वर्णन आणि चित्र छापावं लागतं. फोटो आहेत, पण फोटोत शंखाइतकीच धूळही ठळक येते. मला तुमचा हात हवा आहे.

तुम्ही बाजारातून येताना रस्ता चुकलात आणि तेव्हापासून कोरीवकामाच्या हत्यारांच्या पेटीला हात लावला नाहीत, हे दादाने फोनवर सांगितलं. म्हणून मी मुद्दाम काम काढलं असं समजू नका. माझी चित्रकला तुम्ही जाणताच. शाळेत मी काढलेल्या गायीला बाईंनी टेबल समजून पैकीच्या पैकी गुण दिले होते.

नळी केरात जाऊ देऊ नकोस, असं वहिनीला बजावून ठेवा. लोभ आहेच, पत्रातूनही येऊ द्या.

तुमची,
ठकी

२१ फेब्रुवारी

चि. ठकीस,
अ. उ. आ.

चित्र पाठवतो आहे. एका शंखाची कड फुटकी होती, म्हणून धडधाकट होता तो काढला. अकरा दिवस लागले. त्यातला पहिला तर तो नळीतून काढून कागदावर शोधण्यातच गेला. तुझी वहिनी टेबलाजवळून श्वास रोखून जाते आणि दादाला शिंकायला गॅलरीत पाठवलं जातं.

चाळीस वर्षं कचेऱ्यांचे, शाळांचे, बँकांचे शिक्के कोरले, पण इतकं बारीक काम कुणी दिलं नव्हतं. हात थरथरेल असं वाटलं होतं. थरथरला नाही.

रस्ता चुकलो ते खरं आहे. चौकात उभा राहिलो आणि घर कुठल्या बाजूला हेच आठवेना. डॉक्टर म्हणतात, वयाचं आहे, लक्ष ठेवा. तेव्हापासून मी स्वतःवर पाळत ठेवून आहे. अशात हे काम जमलं, याचा आनंद तुला लिहून कळणार नाही. काही चुकलं असेल तर स्पष्ट सांग. प्रकृतीला जप आणि आठवण ठेव.

तुझा,
बाबा

६ मार्च

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

चित्र इतकं देखणं झालंय की आमच्या साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

स्पष्ट सांग म्हणालात, म्हणून एक गोष्ट सांगते. शेंडा वर आणि तोंड आपल्याकडे असा शंख धरला, तर आमच्या या गोगलगायीचं तोंड उजवीकडे येतं. बहुतेक साऱ्याच गोगलगायींचं तसं असतं. तुमच्या चित्रात ते डावीकडे आलंय. शिक्का सुलट उमटावा म्हणून तुम्ही आयुष्यभर उलटं कोरलंत, तेव्हा हात सवयीने उलटा गेला असणार. काही बिघडलेलं नाही. मी चित्र संगणकावर उलटवून घेतलं आणि लेख छपाईला पाठवलासुद्धा.

शंख सवडीने परत पाठवा. मनाला लावून घेऊ नका आणि लोभात कमी करू नका.

तुमची,
ठकी

१५ मार्च

चि. ठकीस,
अ. उ. आ.

शंख परत पाठवले आहेत. तुझं पत्र दोनदा वाचलं. तू म्हणतेस तसंच असेल. डोळे मिटले की मला तो डावाच दिसतो, पण त्या दिवशी चौकात मला घरही कुठेच दिसत नव्हतं. तू वेळेवर दुरुस्त केलंस ते बरं झालं.

पेटी आणि भिंग दादाच्या हवाली केलं आहे. आता मला असं काम पाठवू नकोस. पाठवलंस तर माझ्याच्याने नाही म्हणवणार नाही, आणि नुकसान तुझं होईल. सुखी राहा.

तुझा,
बाबा

२६ मार्च

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार, आणि या वेळी तो नुसता रिवाजाचा नाही.

नळी आज उघडली. शंख जागेवर ठेवण्यापूर्वी एकदा पाहावेत म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली धरले. फुटक्या कडेचा उजवा आहे. तुम्ही काढलेला डावा आहे. मी ताटली फिरवून पाहिली, शेजारच्या टेबलावरच्या बाईंना बोलावून दाखवला. डावाच.

अभ्यासाचे शंख इथेच आहेत, हे दोन मी तुमच्यासाठी म्हणून चिखलातून घाईघाईत चिमट्याने उचलले होते. आकार सारखा, म्हणून एकाच नळीत टाकले आणि नीट पाहिलेच नाहीत. माझ्या जातीच्या अंगावर मण्यांसारख्या उंचवट्यांच्या दोन ओळी असतात. तुमच्या चित्रात तीन आहेत, त्या मी मोजल्यासुद्धा नाहीत. आज उरलेला चिखल चाळला, तर आणखी चार डावे निघाले. बाबा, ती दुसरीच जात आहे आणि तीन वर्षं पालथ्या घातलेल्या नोंदींत अशी डावी एकही नव्हती, म्हणजे तीही नवी आहे. छपाई थांबवली. नाहीतर तीन ओळींच्या पण उजव्या तोंडाच्या, जगात नसलेल्या गोगलगायीचं चित्र माझ्या नावाने छापून आलं असतं.

तुम्ही समोर होतं ते काढलंत. मी मात्र शंखाकडे न बघता तुमच्या वयाकडे बघितलं. मला फार लाज वाटते आहे. फोनवर बोलता आलं नसतं, रडू आलं असतं.

या जातीला तुमचं नाव द्यायचं मनात आहे. स्वतःचं नाव द्यायची आमच्यात रीत नाही, बापाचं चालतं. रागावलात तरी चालेल, पण उत्तर लिहा.

तुमची,
ठकी

४ एप्रिल

चि. ठकीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वहिनीने सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. दादा उठला आणि पेटी माझ्या टेबलावर आणून ठेवली.

नाव माझं देऊ नकोस. त्या इवल्याशा जिवावर तुझ्या माफीचं ओझं कशाला? तिच्या अंगावर मण्यांच्या तीन ओळी आहेत, त्यांच्यावरून दे.

तुझ्यावर राग नाही. तुझ्यासमोर नुसता कागद होता. माझ्यासमोर तर शंख होता. तुझं पत्र आलं तेव्हा नळी टेबलावरच होती, भिंग हाताशी होतं. एकदा वाकून पाहिलं असतं तर तिथल्या तिथे कळलं असतं. मी पाहिलं नाही. पाहीन आणि तूच बरोबर निघशील, याची मला भीती वाटली. न पाहताच नळी कापसात गुंडाळली. हे तुझ्या दादालाही सांगितलेलं नाही.

उजव्या जातीचं चित्र अजून व्हायचं आहे ना? कड न फुटलेला शंख पाठव. माझी चूक निघाली तर जरूर लिही. मी आधी शंख बघीन, मग तुझं पत्र खरं मानीन.

तुझा,
बाबा